पाचवे शील आणि मुलांच्या हातातील बाटली

गेल्या उन्हाळ्यातील एका रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात सकाळची वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झाले आणि मंडळी बाहेर येऊन बोलत उभी राहिली. दहावीत जाणारा एक मुलगा, माझाच विद्यार्थी, समोरच्या टपरीवर गेला आणि एनर्जी ड्रिंकची लाल बाटली घेऊन विहाराच्या पायरीवर येऊन बसला. एका वृद्ध उपासकांनी त्याला हटकले, "अरे, आत्ताच पाचवं शील घेतलंस ना?" पोरगा डगमगला नाही. म्हणाला, "बाबा, ह्यात दारू कुठंय? शील तर दारूचं हाय." आणि माझ्याकडे वळून, "सांगा की सर."

मंडळी हसली. मला मात्र पटकन उत्तर देता आले नाही. तेवढ्यात दोन उत्तरे आलीच. एक कार्यकर्ते म्हणाले, पोरगा बरोबर बोलतो, दारू सोडून काहीही प्यावे, धम्माची हरकत नाही. दुसरे म्हणाले, ज्याची सवय लागते ते सारे मद्यच, तेव्हा शील मोडलेच. मला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटली. पहिले आळशीपणाचे वाटले, तर दुसरे भीती घालणारे. आपण नुकतेच एक भीती घालणारा धर्म सोडून आलो आहोत. त्या धर्मात काय प्यावे, कोणाच्या हातचे प्यावे, कशाने बाटतो, याच्याच याद्या होत्या. धम्मात येऊन पुन्हा नवी यादी करायची, तर मग आलो कशाला?

पंचशिलातले शब्द आपण पाठ म्हणतो, पण सुटे करून पाहत नाही. सुरा, मेरय, मज्ज ही मादक पेयांची नावे आहेत. धान्यापासून केलेली, फळाफुलांपासून आंबवलेली, असा तो भेद. कोल्ड्रिंक त्यात बसत नाही, आणि ओढूनताणून बसवूही नये. परंतु त्या शब्दांच्या पुढे 'पमादट्ठान' हा शब्द आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा, गाफिली. मद्य का सोडायचे, तर ते गाफिलीचे ठिकाण आहे म्हणून. नियम आणि नियमाचे कारण असे दोन्ही त्या एका सामासिक शब्दात आहे. जो कारण विसरतो तो पोथीनिष्ठ होतो. उलट कारणाच्या जोरावर जो नियम वाटेल तेवढा ताणतो तो दुसऱ्यांचा न्यायाधीश होऊन बसतो.

विनयपिटकात हा नियम कसा आला ते पाहण्यासारखे आहे. सागत नावाचे स्थविर कोसंबीला आले असता लोकांनी कौतुकाने घरोघरी त्यांना मद्य पाजले आणि ते नगराच्या वेशीत पडले. तथागतांनी त्यांना उचलून आणवले आणि भिक्खूंना विचारले, हा आधी कसा होता, आता कसा आहे? मग नियम झाला. अनुभव आधी, नियम मागून. आणि त्याच विनयात, महावग्गात, आठ पेयांची अनुज्ञा आहे. केणिय जटिलाने संघासाठी पेये आणली, त्या प्रसंगी आंबा, जांभूळ, केळ्याच्या दोन जाती, मोह, द्राक्ष, कमळाचे कंद आणि फालसा यांची पाणके तथागतांनी चालतील म्हणून सांगितले. उसाचा रसही चालेल म्हणाले. फुलांच्या रसात फक्त मोहाच्या फुलाचा रस वगळला. तो का वगळला असेल, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको! सांगायचे एवढेच की, तथागत गोडीचे वैरी नव्हते. लेकराने उन्हाळ्यात उसाचा रस प्यायला म्हणून कोणते शील मोडत नाही.

तर त्या मुलाला मी म्हणालो, "शील मोडलं नाही. पण बाटलीवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच." त्याने बाटली फिरवली. अक्षरे मुंगीएवढी, आणि इंग्रजीत. अडखळत वाचले. लहान मुले, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी हे योग्य नाही, असे तिथे छापले होते. दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, असेही होते. पोरगा म्हणाला, "मंग आम्हाला देतेत कशाला?" त्या सकाळचा खरा प्रश्न हा होता.

मी विज्ञान शिकवतो, म्हणून थोडा हिशोब मांडतो. साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरची लहान बाटली झाली की सव्वीस ग्रॅमच्या आसपास, चहाचे पाच-सहा चमचे. दोन ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसभरात वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, असे अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने २०१६ मध्ये सांगितले. एका बाटलीत दिवसाचा वाटा संपला, अजून चहा, बिस्किटे, जेली बाकीच आहेत. आणि ही साखर चावावी लागत नाही, पोट भरल्याचेही कळत नाही. भाकरी खाल्ली की पोर थांबते. बाटलीने ते थांबत नाही, उलट भाकरी टाकते. दात किडतात ते वेगळेच. साखरेवर तोंडातले जंतू वाढतात, त्यांचे आम्ल दाताचे कवच खाते, आणि पेय स्वतःच आंबट असल्याने ते काम दुहेरी होते.

एनर्जी ड्रिंकची तऱ्हा निराळी. त्यात जोर येतो तो कॅफिनचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात एका लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सत्तर-ऐंशी मिलिग्रॅम येते. त्याने शक्ती मिळत नाही, थकवा कळेनासा होतो एवढेच. परीक्षेच्या दिवसांत मुले संध्याकाळी ते पितात, रात्री झोप येत नाही, सकाळी वर्गात पेंगतात, आणि पेंग घालवायला मधल्या सुट्टीत पुन्हा तीच बाटली. छातीत धडधड होते, हात कापतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्येच मुलांच्या आहारात या पेयांना जागा नाही असे म्हटले होते. आपल्या राज्यात २०२४ च्या जुलैमध्ये विधान परिषदेत मंत्रिमहोदयांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जादा कॅफिनची पेये विकण्यास बंदी घालू असे सांगितले. त्याआधी २०२० च्या केंद्रीय नियमाने शाळेच्या आवारात आणि बाहेर ५० मीटरपर्यंत जादा साखर, मीठ, तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असे ठरलेलेच होते. आमच्या शाळेच्या फाटकापासून टपरी वीस पावलांवर आहे.

इथपर्यंत सोपे होते. त्या मुलाच्या आजीने हा सारा हिशोब गणिताबाहेर नेला.

मी त्याच्या घरी गेलो होतो. वडील भला माणूस. दीक्षा घेतल्यापासून दारूला शिवलेला नाही. बावीस प्रतिज्ञांतील सतरावी त्याने जन्मभरासाठी घेतली आणि पाळली, हे मी शेजारी म्हणून सांगतो. तोच रोज मुलाला वीस रुपये देतो. म्हणाला, "सर, पहिलं ह्याच्या दुप्पट तर माझी दारूच व्हती. आता ते पैसे लेकराला देतो. आपल्याला काय मिळालं? त्याला तर मिळू द्या." मी काय बोलणार? माझ्या वडिलांनीही याच मनाने माझ्या कॉलेजची फी भरली होती.

आजी कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "मास्तर, आमाला हाटेलात चहा वरून वतायचे. बाहेर ठिवलेला फुटका कप, पिऊन झाला की आपणच इसळून उलटा ठिवायचा. ह्या बाटलीला झाकण हाय. कोणी वतीत नाही, कोणी जात इचारीत नाही. पैसा टाकला की सगळ्याला सारखी." आणि हसून, "म्हणून ती गोड लागती."

वाचकहो, साखरेचे ग्रॅम मोजणाऱ्याने हे वाक्य ऐकल्याशिवाय बोलू नये. आपल्या माणसांनी बाटलीत फक्त साखर विकत घेतली नाही. पाहुण्यासमोर थंडा ठेवता येणे ही आमच्या घरात प्रतिष्ठा होती. लग्नात पंगतीला कोल्ड्रिंक होते, हे वर्षभर सांगितले जाई. ज्याला कोणी पाणी पाजले नाही त्याला बाटली पाजता येऊ लागली. अशा माणसाला 'साधे राहा, पाणी प्या' म्हणणारा उपदेशक बहुधा ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विहीर होती असाच असतो. तो उपदेश मला माझ्या तोंडात नको.

आणि पाणी आमच्यासाठी साधे केव्हा होते? १९०१ साली बालवयातले बाबासाहेब भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, जात कळल्यावर दुप्पट भाड्याने गाडी मिळाली, तीही स्वतः हाकायची. डब्यात खायला भरपूर होते, पाणी नव्हते. वाटेत मिळाले ते गढूळ, गुराढोरांच्या शेणमुताचे. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याची बतावणी करून उर्दूत पाणी मागितले, तरी मिळाले नाही. अन्न जवळ असून पोरे उपाशी निजली, कारण घास गिळायला पाणी नव्हते. पुढे शाळेत शिपाई असेल तरच नळ सुटे. शिपाई नाही तर पाणी नाही. त्याच मुलाने मोठेपणी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीने कोणी अमर होणार नाही हे ते जाणून होते आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. माणूस म्हणून बरोबरी सिद्ध करायची होती. मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याचे घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. न्यायालयातला निकाल यायला १९३७ साल उजाडले. आणि ही जुनी गोष्ट म्हणून मिटवता येत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यातील नऊ वर्षांचा दलित विद्यार्थी मरण पावला. शिक्षकाच्या माठाला हात लावला म्हणून झालेल्या मारहाणीने तो गेला, असे त्याच्या कुटुंबाचे म्हणणे होते.

मग आजीचे म्हणणे बरोबर का? तिच्यापुरते, पूर्ण बरोबर. तिला त्या झाकणात जे मिळाले ते खरे होते. पण नातवाला तेच मिळते का, यावर मी बरेच दिवस विचार केला. आजीने फुटका कप पाहिला होता, म्हणून तिला झाकणाची किंमत कळते. नातवाने तो कप पाहिलेला नाही. त्याच्या हातात बरोबरी येत नाही, नुसती साखर आणि कॅफिन येते. बरोबरी विकणारे कारखानदार मात्र तीच खूण दाखवून विकतात. पडद्यावरचा नट पितो ते तू पी, म्हणजे तू त्याच्यासारखा. एकेकाळी गावात वतनाच्या भाकरीच्या जोडीला दारूचा घोट मिळे आणि आमची माणसे त्यालाही मान समजत. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध तक्रार केली, ती याच जाणिवेने. गरिबाला मान म्हणून काय दिले जाते आणि त्यात देणाऱ्याचा फायदा किती, हे तपासून पाहायला हवे.

तथागतांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. तो निकष लावला तर पोराकडे बोट दाखवता येत नाही. पाच वर्षांचे मूल काय पिते ते त्याने ठरवलेले नसते. त्याच्या पेल्यात जे ओतले ते त्याचे पेय. चौदा वर्षांच्याची इच्छा त्याची असते, पण पैसे बापाचे, फ्रीज दुकानदाराचा, आणि जाहिरात भलत्याचीच. मुलाच्या पिण्यात गाफिली असलीच तर ती पिणाऱ्याची कमी, ओतणाऱ्याची जास्त.

यात मी स्वतःला वगळत नाही. माझी मुलगी दीड वर्षाची असल्यापासून चहा पिते. सकाळी दोघांनाही शाळेची घाई. बशीत चहा ओतायचा, त्यात टोस्ट बुडवायचा, लेकरू गप्प. दूध महाग म्हणून नव्हे, दूध तापवून निववायला वेळ लागतो म्हणून. चौथ्या वर्षी तिचे पुढचे दात काळे पडले आणि रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी. डॉक्टरीणबाईंनी विचारले, जेवणाबरोबर चहा देता का? चहातील टॅनिन अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, हे मी नववीच्या मुलांना सांगतो. घरी विसरलो होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील सदुसष्ट टक्के बालकांत आणि पंधरा ते एकोणीस वयाच्या एकोणसाठ टक्के मुलींत रक्त कमी आढळले. त्याचे एकटे कारण चहा नव्हे. पोटात अन्नच कमी, जंत, इतर कितीतरी. पण ज्या ताटात मुळातच लोह थोडे, त्या ताटाशेजारी चहाची बशी ठेवणे हे माझे कर्म होते, मुलीचे नव्हे. पाकिटातली 'पौष्टिक' पावडर आणावी का म्हणून मी विचारले. बाई म्हणाल्या, आधी त्यातली साखर वाचा. कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही, म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन दुकानांना अशा पावडरी त्या नावाखालून काढायला सांगितले गेले.

आता जी गोष्ट सांगायला मला लाज वाटते ती सांगतो. मी वर्गात एकदा हे सारे सांगून म्हणालो, 'तेव्हा मुलांनो, पाणी प्या.' मुली एकमेकींकडे पाहून खाली मान घालून बसल्या. नंतर माझ्या सहकारी बाईंनी सांगितले. वर्गातल्या निम्म्या मुली सकाळी घरून निघाल्यापासून पाच वाजेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. मुलींच्या संडासाला कडी नाही आणि आत पाणी नाही. पाणी प्यायले तर जावे लागेल, म्हणून प्यायचेच नाही. लघवीला जळजळ, डोके दुखणे, चक्कर, हे त्यांना रोजचेच. एकीला मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप चढला होता, तो आम्ही 'ऊन लागले' म्हणून रजेच्या वहीत लिहिला होता. तहानेने बसण्याची ही शिक्षा त्यांना कोणी दिली नव्हती. कोणी लक्ष दिले नव्हते, इतकेच. शिपाई नसल्याने बाबासाहेबांना पाणी न मिळणे आणि कडी नसल्याने या मुलींनी न पिणे यात फरक आहे, मान्य. पण तहान मोजायचे यंत्र असते तर आकडा सारखाच आला असता. पमाद या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मी बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायला लावत होतो, आणि माझ्या शाळेतली कडी मला दिसली नव्हती.

राहिली टपरी. ती चालवते आमच्याच विहारात येणारी एक विधवा उपासिका. बचत गटाचे कर्ज काढून तिने ती टाकली. आमच्या वस्तीतले ते पहिले दुकान. फ्रीज वितरकाने फुकट दिला, अट एवढीच की दर्शनी कप्प्यांत त्याच्याच बाटल्या हव्यात. उपासकाने मद्याचा व्यापार करू नये असे तथागतांनी पाच वर्ज्य व्यापारांत सांगितले आहे. कोणीतरी तिला ते ऐकवले. ती माझ्याकडे आली, डोळ्यांत पाणी. "सर, मी दारू इकत नाही. इकीन बी नाही. मंग मी पापी का?" मी नाही म्हणालो. बाटली म्हणजे मद्य नव्हे, आणि एका विधवेच्या पोटावर पाय देऊन वस्तीचे आरोग्य सुधारण्याचा शूरपणा मला करायचा नाही. पण मी एवढे म्हणालो की, बाटलीवर 'मुलांना नको' असे छापले आहे, ज्याला ते वाचता येते तो मोठा माणूस आपल्या मर्जीने घेईल, पोराला ते वाचता येत नाही, आणि तुम्हाला आता माहीत आहे. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एका बाटलीमागं दोन रुपये सुटतेत. दिवसाला शाळेच्या वीस-पंचवीस जातेत. ते पन्नास रुपये कुठून आणू?" तो आकडा मी वहीत लिहून घेतला. त्याला माझ्याकडे आजही पुरे उत्तर नाही.

थोडे झाले ते असे. सहकारी बाई आणि दोन माता मुख्याध्यापकांकडे तीनदा गेल्या, चौथ्यांदा कडी बसली, पाण्याची टाकी अजून व्हायची आहे. टपरीत लिंबू सरबत आणि ताक ठेवू लागले. ताकाला दोन रुपयांहून जास्त सुटतात, पण नासले तर सगळेच जाते, आणि पावसाळ्यात कोणी विचारत नाही. लाल बाटल्या अजून फ्रीजमध्ये आहेत. गणवेशातल्या मुलांना ती त्या देत नाही, गणवेश बदलून येणाऱ्यांना ओळखूनही कधी देते, कधी नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत थंडा वाटायचा की नाही यावर जयंती समितीत कडाक्याचे भांडण झाले. एका दात्याने शंभर क्रेट देऊ केले होते, त्यावर त्याचा फलक असणार होता. आजीचेच वाक्य कोणीतरी तिथे बोलले. शेवटी मते घेतली. थंडा जिंकला, पण विहारापुढे माठाच्या पाण्याची पाणपोई घालायचेही त्याच बैठकीत ठरले. मिरवणुकीत दोन्हीकडे रांग होती. पाणपोईवर पाणी देणाऱ्यांत तो दहावीचा मुलगा होता आणि त्याची आजी शेजारी खुर्ची टाकून बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "वरून नगं वतू रे, पेला हातात दे त्यांच्या."

पाणपोई उठवायची नाही असे नंतर ठरले. शाळेच्या वाटेवरच आहे, मुले येता-जाता पितात. रोज रांजण घासून भरण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. या आठवड्याची पाळी आमच्या घराची आहे.